पोटाच्या भिंतीची डागडुजी



माझा विषय ऐकल्यावर या व्याख्यानमालेचे एक चिटणीस मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, तुम्ही कामगार कायद्यावर बोला. हा विषय डॉक्टरांचा. शिवाय सभेला बायामाणसेही असतात." त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. मी डॉक्टर नाही. शाळा सातवीत सुटली, वीस वर्षे धान्यबाजारात पोती वाहिली आणि त्यानंतरची वर्षे पोती वाहणाऱ्यांची संघटना चालविण्यात गेली. जे काही वाचले ते गावच्या सार्वजनिक वाचनालयात, आणि तिथे न मिळणारे एका भल्या डॉक्टरांच्या कपाटातून मागून आणून. पण ज्या दुखण्याविषयी आज बोलावयाचे, ते लाजेपायीच माणसे लपवितात आणि लपविल्यामुळे कधी कधी जिवास मुकतात. तेव्हा लाज बाजूला ठेवूनच बोललेले बरे.

हे दुखणे म्हणजे अंतर्गळ, डॉक्टरांचा हर्निया. आमच्या बाजारात 'आतडं उतरलं' एवढेच म्हणतात. १९९६ च्या पावसाळ्यात माझे उतरले. वय पंचवीस. त्या काळी शंभर किलोचे पोते असे. ते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना जांघेत काही तरी सटकल्यासारखे झाले. संध्याकाळी पाहतो तो लिंबाएवढी गाठ. आडवे झाले की नाहीशी, उभे राहिले की पुन्हा हजर. आमच्या टोळीचा मुकादम म्हातारा माणूस. त्याने काही विचारले नाही. आपले धोतर सोडून स्वतःचा पट्टा दाखविला आणि लंगोटात कापडाची घडी कशी दाबून बसवायची ते शिकविले. पुढे एका इस्पितळात गेलो. तेथील डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू. मग तीन महिने ओझे नाही." तीन महिने हे शब्द त्यांनी सहज उच्चारले. टोळीत जो पोते उचलतो त्याचीच वाटणी, न उचलणाऱ्याची कसली? मी घरी आलो आणि अकरा वर्षे पट्टा बांधून काम केले.

त्या अकरा वर्षांत माझ्या मनात एकच प्रश्न होता, आणि या शस्त्रक्रियेचा इतिहास मी वाचू लागलो तो त्या प्रश्नासाठी. भोक शिवल्यावर माणसाला पुन्हा ओझे उचलता येईल का? आणि येईल तर किती दिवसांनी? विद्वानांच्या ग्रंथांत हा इतिहास शल्यचिकित्सकांच्या नावांनी सांगितलेला असतो. मी तो या दोन प्रश्नांच्या अनुरोधाने सांगणार आहे.

प्रथम बिघाड काय तो समजून घेऊ. पोटाची भिंत म्हणजे नुसते कातडे नव्हे. कातडीखाली चरबी, तिच्याखाली एकावर एक स्नायूंचे तीन थर, प्रत्येकाचे धागे निराळ्या दिशेने गेलेले. त्यांच्या आत एक पातळ पण चिवट पडदा, आणि सर्वांत आत आतडी सांभाळणारे नाजूक अस्तर. खोकताना, कुंथताना, ओझे उचलताना आतला दाब वाढतो आणि भिंत तो पेलते. भिंतीत जिथे कमजोरी असेल तिथून अस्तर फुग्यासारखे बाहेर येते आणि त्याच्यामागून आतडे. सायकलचा टायर फाटला की आतली ट्यूब फुगून बाहेर येते, तसा हा प्रकार. बेंबी ही अशी एक कच्ची जागा, जुन्या ऑपरेशनचा व्रण ही दुसरी. पण पुरुषांच्या बाबतीत सर्वांत मोठी कच्ची जागा म्हणजे जांघ. याचे कारण जन्मापूर्वीचे आहे. पुरुषाचे वृषण गर्भात पोटामध्ये, मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि मग भिंतीतून वाट काढून खाली उतरतात. त्यांच्या शिरा आणि नळी यांची दोरी जन्मभर त्या वाटेत राहते. म्हणजे निसर्गाला भिंतीत दरवाजा ठेवणे भागच पडले.

आता हा दरवाजा कसा ठेवला पाहा. आपले गडकिल्ले पाहिलेल्यांना गोमुखी दरवाजा ठाऊक असेल. समोरून तो दिसत नाही. दोन बुरुजांच्या बेचक्यातून वळण घेऊन जावे तेव्हा तो सापडतो, त्यामुळे शत्रूच्या हत्तीला सरळ धडक देता येत नाही. जांघेतली वाट हुबेहूब तशी आहे. आतला दरवाजा एकीकडे, बाहेरचा दुसरीकडे आणि मध्ये दीडएक इंचाची तिरकी गल्ली. आतून दाब आला की गल्लीच्या भिंती एकमेकींवर दाबल्या जातात आणि वाट आपोआप बंद होते. अंतर्गळ होतो तो दोन तऱ्हांनी. एक तर आतल्या दरवाजातून आतडे गल्लीत शिरते, नाही तर गल्लीची मागची भिंतच फुगून ते सरळ पुढे येते. हे आतडे एखादे वेळी अडकून बसते. मग त्याचे रक्त तुटते, काही तासांत ते काळे पडते, आणि त्यानंतर वेळ फार थोडा उरतो. स्त्रियांनाही अंतर्गळ होतो, पण जांघेतला पुष्कळ कमी. पुरुषांत मात्र आयुष्यात केव्हा ना केव्हा चौघांपैकी एकाला तो होतो असा हिशेब आहे. या सभागृहातल्या पुरुष मंडळींनी आपापल्या रांगेत मोजून पाहावे.

हे दुखणे आपल्या लोकांना जुने ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेत वृद्धीचे सात प्रकार सांगितले आहेत, त्यांत अन्त्रवृद्धी हा एक. त्याची कारणे वाचताना मी चकित झालो. पहिलेच कारण भार वाहणे! त्यानंतर आपल्यापेक्षा बलवानाशी झुंज, झाडावरून पडणे वगैरे. आतडे आधी जांघेच्या सांध्याशी गाठीसारखे बसते, उपेक्षा केली तर खाली उतरते, दाबले की आवाज करीत वर जाते आणि सोडले की पुन्हा फुगते, हे सारे तिथे नमूद आहे. उपाय म्हणून जांघेपर्यंतच आलेल्या गाठीवर अर्धचंद्राच्या आकाराच्या उपकरणाने डाग द्यावा असे सांगितले आहे. खाली उतरलेली मात्र असाध्य मानली आहे. पाहिलेले लपविले नाही आणि जमत नाही ते जमते असे सांगितले नाही, याचे मला फार अप्रूप वाटते.

ओझ्याविषयी येथेच एक गोष्ट स्पष्ट करतो. ओझ्यामुळेच अंतर्गळ होतो असे म्हणणे माझ्यासारख्याच्या सोयीचे आहे. भरपाईच्या दाव्यांत आम्ही तसे म्हणतोच. मालकाचा वकील म्हणतो, हे जन्मजात आहे. खरे दोन्हींच्या मध्ये आहे. आतला दरवाजा जन्मतः नीट मिटलेला नसतो अशी पुष्कळ माणसे असतात, आणि त्यांतल्या कित्येकांना जन्मभर काही होत नाही. डेन्मार्कमध्ये लक्षावधी पुरुषांच्या नोंदी तपासून २०१२ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात रोजचे ओझे आणि दिवसभर उभे राहणे यांनी आतल्या दरवाजाचा अंतर्गळ वाढतो असे आढळले. मागच्या भिंतीच्या प्रकाराचा मात्र तसा संबंध दिसला नाही. म्हणजे वकीलही अर्धे खरे बोलतो आणि आम्हीही.

युरोपात रोमन काळी सेल्ससने ऑपरेशनचे वर्णन करून ठेवले होते. पण पुढे मध्ययुगात ही विद्या फिरत्या वैदूंच्या हाती गेली. हे लोक जत्रेजत्रेतून हिंडत, गाठ कापीत, आणि बहुधा त्याबरोबर वृषणही काढून टाकीत. वाटेतली दोरीच नाहीशी झाली म्हणजे भोक बुजविणे सोपे! रोगी जगला वाचला तर तो भाग्यवान, आणि पैसे घेऊन वैदू केव्हाच पुढच्या गावी. विद्यापीठातले पंडित वैद्य लॅटिन बोलत आणि चाकूला हात लावणे कमीपणाचे मानीत. या प्रथेविरुद्ध जे उभे राहिले ते पंडितांपैकी नव्हते, हे मला आपल्या नजरेस आणावयाचे आहे. आंब्रवाझ पारे हा न्हावी-शल्यकारांतला, त्याला लॅटिन येत नव्हते, त्याने आपले ग्रंथ साध्या फ्रेंचमध्ये लिहिले. अंतर्गळासाठी माणसाला खच्ची करण्याला त्याने विरोध केला. प्येर फ्रांको स्वतः फिरत्या शल्यकारांतला. अडकलेले आतडे कसे मोकळे करावे हे त्याने १५५६ साली छापून जाहीर केले, जेव्हा त्याचे धंदेबंधू आपली कला बापाकडून मुलाकडे गुपित म्हणून देत. आणि लिंडाऊ गावच्या कास्पर श्ट्रोमायरने १५५९ मध्ये रंगीत चित्रांसह एक मोठे हस्तलिखित तयार केले. त्यात अंतर्गळाचे वर सांगितलेले दोन प्रकार त्याने वेगळे ओळखले आणि दुसऱ्या प्रकारात वृषण वाचवावा असे सांगितले. ते हस्तलिखित विसाव्या शतकापर्यंत छापलेच गेले नाही. तोवर किती पुरुषांनी या एका अज्ञानाची किंमत दिली असेल!

लपविण्याचा रोग केवळ गरिबांचा नव्हे. इंग्लंडच्या दुसऱ्या जॉर्ज राजाची राणी कॅरोलाइन हिला १७२४ च्या बाळंतपणानंतर बेंबीचा अंतर्गळ झाला. तिने तो तेरा वर्षे वैद्यांपासून लपविला. १७३७ च्या नोव्हेंबरात आतडे अडकले आणि भर राजवाड्यात, दरबारी शल्यचिकित्सकांच्या गराड्यात ती तळमळून मेली. त्याच्या दोनच वर्षे आधी, डिसेंबर १७३५ मध्ये, त्याच लंडन शहरात क्लॉडियस अम्यांड या शल्यचिकित्सकाने अकरा वर्षांच्या एका पोराच्या अंतर्गळावर शस्त्रक्रिया केली होती. त्या पिशवीत अपेंडिक्स सापडले, आणि अपेंडिक्समध्ये पोराने गिळलेली टाचणी! अपेंडिक्स कापून काढल्याची ही पहिली नोंद. पोरगा बरा झाला. भुलीचे औषध अजून शंभर वर्षे दूर होते. हे सारे तो शुद्धीवर असताना झाले.

पुढील शंभर वर्षांत शवविच्छेदनाने जांघेचा कोपरानकोपरा माहीत झाला. कॅम्पर, स्कार्पा, हेसलबाख, अ‍ॅस्टली कूपर ही नावे आजही त्या चिमुकल्या जागेच्या निरनिराळ्या भागांना लावलेली आहेत. नकाशा झाला, पण देशात जाता येईना. कारण वेदना आणि पू. १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची भूल आली, १८६७ साली लिस्टरने कार्बोलिक आम्लाने जखम निर्मळ ठेवण्याची रीत जाहीर केली, आणि वाट मोकळी झाली. मग धडाधड ऑपरेशने होऊ लागली. रोगी जगत, घरी जात. पण गाठ परत येई. नामांकित इस्पितळांतूनही पहिल्या वर्षातच शेकडा तीस-चाळीसांची परत येई, आणि चार वर्षांत बहुतेकांची. कारण शल्यचिकित्सक पिशवी कापून बाहेरचा दरवाजा तेवढा शिवीत. आतला दरवाजा उघडा, गल्लीची मागची भिंत ढासळलेली, आणि पहारा फक्त बाहेर!

येथे एदोआर्दो बासिनी हा गृहस्थ येतो, आणि त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. जन्म १८४४, पाव्हिया येथे वैद्यकाची पदवी १८६६ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी हा डॉक्टर साधा शिपाई म्हणून गॅरिबाल्डीच्या पक्षाच्या तुकडीत दाखल झाला. रोम मुक्त करण्यासाठी निघालेली ती मूठभर माणसे ऑक्टोबर १८६७ मध्ये व्हिला ग्लोरी येथे पोपच्या सैन्याशी लढली. बासिनीच्या उजव्या जांघेत संगीन घुसली आणि तो कैद झाला. जखमेतून महिनोन् महिने आतड्यातला मळ वाहत असे. जांघेची विद्या त्याला या जखमेने शिकविली असे सांगणारे आहेत. मला ते कीर्तनातल्या आख्यानासारखे वाटते. तो बरा झाल्यावर व्हिएन्नास बिलरोथकडे, बर्लिनला, म्युनिकला आणि लंडनला लिस्टरकडे जाऊन शिकला, आणि विद्या आली ती तेथून. १८८२ पासून तो पादुआच्या विद्यापीठात होता, आणि तेथे १८८४ च्या डिसेंबरात त्याने आपली नवी शस्त्रक्रिया प्रथम केली.

त्याने काय केले? त्याने गोमुखी दरवाजा पुन्हा बांधला. गल्लीचे छत उघडले, पिशवी अगदी मुळाशी बांधून कापली, दोरी हलकेच बाजूला धरली, आणि मग ज्याला कोणी हात लावीत नव्हते ती मागची भिंत उघडली. आतला पडदा आणि दोन स्नायू असे तीन थर एकत्र धरून त्याने रेशमाच्या टाक्यांनी जांघेच्या चिवट पट्ट्याशी शिवले. त्यावर दोरी ठेवली आणि दोरीवर छत शिवले. पुन्हा आतला दरवाजा, तिरकी गल्ली, बाहेरचा दरवाजा. वृषण जागच्या जागी. १८८७ मध्ये त्याने ही पद्धत जिनोआ येथे मांडली आणि १८८९ मध्ये पुस्तक काढले, त्यात २६२ शस्त्रक्रियांचा हिशेब होता. गाठ परत आली ती शेकडा तिघांच्या आसपास! बाल्टिमोरला हॉल्स्टेड यानेही जवळपास त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशीच रीत बसविली होती.

मला बासिनीचा हात जितका मोठा वाटतो त्याहून त्याची वही मोठी वाटते. ऑपरेशन झालेल्या माणसांना त्याने साडेचार वर्षांपर्यंत शोधून काढून तपासले. त्यापूर्वीचे बहुतेक लोक रोगी इस्पितळातून बाहेर पडला की 'बरा झाला' असे लिहीत. जत्रेतल्या वैदूचाही हिशेब तोच होता! घरी गेल्यावर, कामावर गेल्यावर, ओझे उचलल्यावर टाका टिकला का, हे विचारणारा हा पहिला मोठा माणूस. माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले. उचलता येते.

पण कारागिरी हाताकडून हाताकडे जाताना झिजते, हे कोणत्याही गवंड्याला विचारा. बासिनीचे नाव जगभर गेले, काम मात्र अर्धेच गेले. विशेषतः अमेरिकेत शल्यचिकित्सकांनी मागची भिंत उघडण्याचे अवघड कलम गाळले आणि वरचे स्नायू ओढून पट्ट्याशी शिवून टाकले. त्यालाही बासिनीचेच नाव! गाठी पुन्हा परतू लागल्या आणि दोष पद्धतीला लागला. बासिनी १९२४ मध्ये वारला. त्याचा शिष्य कात्तेरीना याने १९३० च्या दशकात चित्रांसह मूळ रीत पुन्हा छापली, केवळ ती विसरली जाऊ नये म्हणून.

माझा दुसरा प्रश्न मात्र तसाच होता. किती दिवसांनी? त्या काळी अंतर्गळाच्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे बिछान्यात पडून राहण्याचा दंडक होता. हलले की टाके तुटतील ही समजूत. या समजुतीला धक्का दिला तो कॅनडातल्या एडवर्ड शोल्डिस यांनी. त्यांची एक हकीकत सांगतात. १९३२ साली त्यांनी एका लहान मुलीचे अपेंडिक्स काढले. मुलगी बिछान्यात राहीना, उठून पळे. आणि तिला काही झाले नाही, उलट ती लवकर बरी झाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीला आलेली धडधाकट माणसे अंतर्गळामुळे नाकारली जातात हे त्यांनी पाहिले. १९४५ च्या जुलैमध्ये त्यांनी टोरांटो येथे फक्त अंतर्गळासाठी छोटेसे इस्पितळ उघडले, आणि ते पुढे जवळच्या थॉर्नहिलला वाढले. त्यांची रीत अशी. भूल फक्त त्या जागेपुरती. मागची भिंत बासिनीसारखीच उघडावयाची, आणि तिचे थर एकमेकांवर पदरासारखे घेऊन चार ओळींत पोलादी तारेने शिवावयाचे. टाके झाले की रोग्याने मेजावरून आपल्या पायांनी उतरून चालत जावयाचे! पहिल्याने जो टेबलावरून उतरला असेल त्याच्या छातीची मला कल्पना करवत नाही. गाठ परतण्याचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. त्या संस्थेत तीन लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आहेत. एकच काम जन्मभर करणारे हात तेथे तयार झाले, ही त्यातली खरी गोम असे माझे मत. शोल्डिस १९६५ मध्ये निवर्तले.

तरी एक अडचण उरलीच होती, आणि ती कोणताही हमाल जाणतो. जुने बारदान फाटले की आम्ही दाभण-सुतळीने दोन्ही काठ ओढून शिवतो. पोते भरून थप्पीला लावले की शिवण टिकते, पण शिवणीच्या शेजारचा ताग फाटतो. कारण ओढ आहे तिथे झीज आहे. म्हणून जुन्या पोत्याला काठ ओढून शिवू नये, भोकापेक्षा मोठे ठिगळ लावावे. शल्यचिकित्सकांनाही हे कळत होते. बिलरोथ म्हणत असे की पोटाच्या पडद्याइतके चिवट काही कृत्रिम करता आले तर अंतर्गळाचे रहस्य उलगडेल, असे सांगतात. १९०० च्या सुमारास चांदीच्या तारेच्या जाळ्या बसवून झाल्या. त्या तुटत आणि टोचत. ठिगळाला कापड मिळाले ते प्लास्टिकच्या युगात. ह्यूस्टनच्या फ्रान्सिस अशर यांनी १९५८ साली पॉलिएथिलीनच्या विणलेल्या जाळीचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यानंतर पॉलिप्रॉपिलीनची जाळी आली. शरीर त्या जाळीच्या छिद्रांतून स्वतःचे धागे विणते आणि ठिगळ भिंतीचाच भाग होऊन जाते. लॉस एंजेलिसच्या आयर्विंग लिख्टेनस्टाइन यांनी तर १९६४ मध्येच, जागेपुरती भूल देऊन ऑपरेशन करावे आणि माणसाला लगेच चालवून कामावर जाऊ द्यावे, असा निबंध लिहिला होता. १९८९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिनओढीच्या जाळीच्या एक हजार शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या. एकही गाठ परत आली नव्हती. १९९० च्या दशकापासून दुर्बिणीने, लहान छिद्रांतून आतल्या बाजूने जाळी बसविण्याची रीतही रूढ झाली. तिच्यात शंका नाही, पण तिला यंत्रे लागतात, पूर्ण भूल लागते आणि सराव पुष्कळ लागतो.

आणि जाळीला पैसे लागतात. एवढ्याशा कापडाच्या तुकड्याला हजारो रुपये! येथे ही कथा आपल्या दारात येते. धुळे जिल्ह्यातले दोंडाईचा हे गाव मिरचीच्या बाजाराबद्दल आपणांस ठाऊक असेल. तेथील शल्यचिकित्सक डॉ. टोणगावकर आणि आंध्रातील डॉ. ब्रह्मा रेड्डी यांनी असा विचार केला की, ही जाळी ज्या जातीच्या धाग्याची, त्याच जातीच्या धाग्याची मच्छरदाणी बाजारात मिळते. मग औषध न लावलेले मच्छरदाणीचे कापड धुऊन, कापून, निर्जंतुक करून त्यांनी ते वापरले. तेवढ्या तुकड्याची किंमत पैशांत मोजावी इतकी. निरनिराळ्या ठिकाणच्या शल्यचिकित्सकांनी मिळून केलेल्या ३५९ शस्त्रक्रियांचा त्यांचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या शहरांतून नाके मुरडली गेली नसती तरच नवल. पण २०१६ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात पूर्व युगांडातील ३०२ पुरुषांवर केलेली रीतसर तुलना छापून आली. निम्म्यांना महागडी जाळी, निम्म्यांना मच्छरदाणीची. वर्षभराने पाहता मच्छरदाणीच्या गटात एकाची गाठ परतली होती, महागड्या गटात कोणाचीच नाही, आणि हा फरक काही निष्कर्ष काढण्याजोगा नव्हता. दोंडाईच्याची कल्पना युगांडामार्गे जगाला मान्य झाली.

पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी तर जाळीच नको म्हटले. रोग्याच्याच भिंतीच्या वरच्या थराची एक पट्टी, तिची दोन्ही टोके न तोडता, खाली वळवून मागच्या भिंतीला ठिगळ म्हणून शिवावयाची. धोतराचाच काठ धोतराला जोडावा तसे. ४०० रोग्यांचा अनुभव त्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर जाळीशी तुलना झाली. तीन वर्षांनी पाहता दोन्ही गटांत दोन-दोनच गाठी परतलेल्या. तरीही अंतर्गळाचे जगभरचे जाणकार २०१८ साली एकत्र बसले तेव्हा त्यांनी कौल दिला तो जाळीच्या बाजूने, आणि जाळीविना करावयाचे तर शोल्डिस यांची रीत. हा वाद मिटलेला नाही. गाठ परतत नाही, पण ऑपरेशननंतर दहातल्या एकाला जांघेत दुखणे मागे राहते, ही कुरकुर जाळीच्याही वाट्याला आहे. आणि ज्याची गाठ दुखत नाही त्याने काही काळ नुसती नजर ठेवली तरी मोठा धोका नसतो, हेही २००६ साली अमेरिकेतल्या ७२० पुरुषांवरच्या पाहणीत दिसले. फक्त त्या पाहणीतले पुरुष माझ्या टोळीतले नव्हते.

त्या २०१८ च्या मंडळींनी माझ्या दुसऱ्या प्रश्नालाही हात घातला आहे. रोग्याला सोसेल तेव्हा त्याने आपले नेहमीचे व्यवहार करावेत, बंदी घालण्याचे कारण नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. तीन महिने कुठे गेले? ते शास्त्रात नव्हतेच बहुधा. ते सवयीत होते. उलट ओझ्याचे शास्त्र निराळ्याच कागदांत लिहिलेले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका माणसाच्या ओझ्यासंबंधी करार केला आणि त्याबरोबरच्या शिफारशीत पुरुषाला ५५ किलो ही मर्यादा सांगितली. महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९ चा. भारताने त्या करारावर मान्यतेची मोहोर उठविली ती २०१० मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी. मधल्या काळात आमच्या पाठीवर शंभर किलोचे पोते होते.

माझे ऑपरेशन २००७ साली झाले, पट्टा बांधल्याच्या अकराव्या वर्षी. ज्या डॉक्टरांच्या कपाटातली पुस्तके मी वाचीत असे, त्यांनीच गळ घातली. त्याआधी आम्ही टोळीची बैठक घेतली. म्हातारा मुकादम तोवर वारला होता. एका उन्हाळ्यात त्याचे आतडे अडकले आणि जिल्ह्याच्या गावी नेईपर्यंत उशीर झाला. त्या बैठकीत पहिल्यांदा असे ठरले की ऑपरेशन झालेल्या गड्याची वाटणी पाच आठवडे टोळीने चालू ठेवावयाची. ठराव मांडणाराच पहिला लाभार्थी, म्हणून मला अवघडल्यासारखे झाले. पण मी नाव नोंदविल्यावर आणखी चौघे उठून उभे राहिले. त्यांतल्या दोघांचे मला इतकी वर्षे काहीच माहीत नव्हते.

जांघेत सुया टोचल्या. मग नुसती ओढाताण जाणवत होती, दुखत नव्हते. पडद्यापलीकडून डॉक्टर टाके घालता घालता शोल्डिस यांच्याविषयी बोलत होते. जाळी बसली तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "आता जोरात खोका." मी खोकलो. "पोते उचलता तसे." मी पुन्हा खोकलो. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ते परिचारिकेला म्हणाले, "टिकलं. सुई द्या."